लेकरायले नागपूर दाखवजो

अल्लीपूर,
६ ऑक्टोबर २०२५

अमरच्या बाबायले शालूचा नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाई. तुमचा फोन आला का दोन्ही लेकरं माझ्या दोन्ही कानाले चिकटते, अन् तेवढ्या मिनिटांत काय काय बोलावं? म्हणून लिहून राह्यली.

दिवाळीच्या सुट्टीत अमरले नागपूरले जायचं हाय. परवा जेवताना म्हणाला, "बाबा नागपूरले कामाले हायेत, मंग आपण एकदाही नागपूरले काऊन गेलो नाई?" चंचल लगेच सुरू झाली, मले वाघ पाहायचा, मले वाघ पाहायचा. मी म्हटलं, बाबाले सुट्टी भेटत नाई. तर अमर भाकरीचा तुकडा मोडत राह्यला अन् म्हणाला, "बाबा नाई भेटले तरी चालते. नुसतं नागपूर पाहू."

मले ते लई लागलं. साडेतीन वर्षांत या लेकरायनं हिंगणघाटच्या बाजारापलीकडं काही पाह्यलं नाई. दिवाळीनंतर वांग्याची तोड जरा सैल असते, तेवढ्यात दोन दिवस काढता येते. मानेवाड्याले माझी मावशी हाय, राहायची सोय होते. पण मी नागपुरात तुमच्या भेटीशिवाय कुठी गेली नाई. स्टेशन ते जेल अन् जेल ते स्टेशन, एवढंच नागपूर मले मालूम. तुम्ही दहा वर्षं भाजीची गाडी घेऊन जात होते. कुठी नेऊ, काय दाखवू, लेकरं थकणार नाई असं सांगजा.

बाकी बरं हाय. भाऊजींची पौर्णिमा आता पहिलीत गेली. तिची आई गेल्यापासून वेणी मीच घालून देतो, तशीच अजून घालून राह्यली. भाऊजी अंगणाच्या पलीकडून तिले आवाज देते, माझ्याशी मात्र बोलत नाई. मी काही म्हणत नाई.

तुमची,
शालू

*

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
१८ ऑक्टोबर २०२५

शालू,

पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. लेकरायले नागपूर दाखव, जरूर दाखव. मी सांगतो तसं करजो.

बसनं नेऊ नको. चंचलले बस लागते. हिंगणघाटहून रेल्वेनं जाजो. सकाळची गाडी पकडली तर मावशीकडं जेवणाच्या टायमाले पोचशीन. त्या दिवशी बाकी काही करू नको. जेवले का झोपव. संध्याकाळी मावशीच्या घराजवळ बाग असन तर घसरगुंडीवर सोडून दे.

दुसऱ्या दिवशी महाराजबाग. पण सकाळीच. जनावरं सकाळी जागी असते, दुपारी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लोळत राह्यते अन् लेकरं नाराज होते. वाघापाशीच पयले जाजो, म्हणजे चंचलची घाई संपते. बाकी मंग हळूहळू पाहू दे. एखाद्या माकडापुढं तासभर उभे राह्यले तर राहू दे, ओढत नेऊ नको. आलो तर सगळंच पाहून घेऊ असं मोठ्यायले वाटते. लेकरायले तसं नसते. मी गाडीवर होतो तवा पाह्यलं हाय, माणसं लेकरायले उन्हात फरफटत नेते अन् वरून त्यायलेच रागावते. पाण्याची बाटली जवळ ठेवजो, घरून दशम्या नेजो, बाहेरचं तिखट देऊ नको.

मंग सीताबर्डीहून मेट्रोत बसव. खापरीपर्यंत नेजो अन् तशीच परत आणजो. उतरायचं काही काम नाई. उजवीकडच्या खिडकीपाशी बसवजो. तिकडून चांगलं दिसते.

मले भेटायले आणू नको. फोनवर आवाज ऐकते, तेवढं पुरे. बाबा कामाले हाय, हेच त्यायच्या मनात राहू दे.

पौर्णिमेची वेणी घालतं ते बरं करतं.

कैलास

*

अल्लीपूर,
२ नोव्हेंबर २०२५

अमरच्या बाबायले नमस्कार.

आम्ही नागपूरले गेलो नाई. पिशवी भरली होती, दशम्या झाल्या होत्या. मीच थांबली. काऊन, ते सांगतो.

मावशीले फोन केला का लेकरायले खापरीच्या मेट्रोत बसवायचं हाय. ती म्हणाली, "हो, वर्धा रोडनं जाते, जेलच्या बाजूनंच." मंग मले समजलं उजवीकडची खिडकी काऊन. तुम्ही भिंतीच्या अल्याड उभे राहून मेट्रोचा आवाज ऐकणार होते, अन् लेकरं पल्याडून जाणार होते, अन् त्यायले काही कळणार नव्हतं. मी त्या भरल्या पिशवीपाशी खाली बसली.

अन् बसचंही समजलं. चंचलले बस लागते हे खरं. पण बस जामच्या त्या पुलावरून जाते.

त्याच दिवशी जामच्या एका बाईचा फोन आला. तिचा माणूस तुमच्याच बराकीत हाय म्हणे. तिनं सांगितलं का डिसेंबरमध्ये गळाभेट हाय. बाप जाळीबाहेर येऊन लेकरायजवळ बसतो, त्यायले कुशीत घेतो. अर्ज सुरू झाले, नोटीस लागून महिना झाला. महिना! म्हणजे मले पत्र लिहिलं तवा तुम्हाले मालूम होतं. माकडाचं लिहिलं, दशम्यायचं लिहिलं, अन् हे लिहिलं नाई.

आणखी एक. पौर्णिमेनं तिचा निळा फ्रॉक घडी करून चंचलच्या पिशवीत ठेवला होता. मी विचारलं, हे काय बाई? ती म्हणाली, "मी पण येतो नागपूरले. काकाले पाहायले." मी म्हटलं, काका तिथी नाई, कामावर हाय. सहा वर्षांची पोर, माझ्याकडं अशी पाहत राह्यली का मीच तिची नजर चुकवली.

शालू

*

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
१३ नोव्हेंबर २०२५

शालू,

नोटीस मी वाचली होती. लपवलं. चूक झाली म्हणत नाई, मले तसंच करायचं होतं.

पांढऱ्या कपड्यात लेकरायनं मले पाहू नये. मी आत आलो तवा चंचल तर दीड वर्षाची होती. तिनं मले पयल्यांदा पाहावं ते इथी? बाकी लोकायची लेकरं येते, मी मागच्या साली पाह्यलं. भेट संपली का बाप बराकीत येऊन भिंतीकडं तोंड करून पडते. दोन-दोन दिवस जेवत नाई. माझं सोड, पण ती लेकरं परत जाऊन काय करत असतीन?

अन् पौर्णिमेचं नाव काढू नको. तू तर सगळं जाणतं, तरी लिहितो. त्या दिवशी कॉटन मार्केटले माल उतरवून आम्ही परत निघालो. आपल्या जिल्ह्यात दारू बंद, म्हणून हद्दीच्या पलीकडच्या ढाब्यावर मी पेऊन घ्यायचो, तसा त्या दिवशीही पेलो. जामच्या अलीकडं पुलाच्या कठड्यावर गाडी घातली. दुपारचं लख्ख ऊन होतं. समोर गाडी नव्हती, ढोर नव्हतं, काही नव्हतं. मले खरचटलं, अन् बाजूले बसलेली वहिनी गेली. त्या पोरीची माय. दादाची बायको. सात वर्षांची सजा झाली तवा लोक म्हणाले लई झाली. मले कमी वाटली.

त्या पोरीपुढं मी कोणत्या तोंडानं बसू? तिनं काका म्हटलं तर ओ देऊ का?

तू लेकरायले घेऊन जा, वाघ दाखव, परत जा. एवढंच माझं ऐक.

कैलास

*

अल्लीपूर,
२४ नोव्हेंबर २०२५

अमरच्या बाबायले नमस्कार.

तुमचं ऐकणार होती. पण मधात दोन गोष्टी झाल्या, त्या आधी वाचा, मंग काय ते ठरवा.

अमरले सगळं मालूम हाय. वर्ष झालं. शाळेत कोण्या पोरानं सांगितलं. मी त्याले म्हटलं, मले काऊन नाई बोलला? तर म्हणाला, "तुले वाईट वाटलं असतं." चंचलले बाबायच्या कामाच्या गोष्टी तोच सांगतो. बाबा मोठ्या इमारतीत राह्यते, तिथी लई माणसं हायेत, सगळ्यायचा ड्रेस एकच असते. मले वाटलं होतं पोरगा मनानं रचून सांगते. तो खोटं सांगत नव्हता हो. खरं तेच सांगत होता, फक्त जेलचं नाव घेत नव्हता. आठ वर्षांच्या पोरानं हे एकट्यानं वाहावं?

दुसरं भाऊजींचं. मी काही त्यायच्याशी बोलायले गेली नव्हती. वाफ्यातून काढलेल्या हिरव्या सांबाराच्या जुड्या बांधत अंगणात बसली होती. पौर्णिमेनंच त्यायले सांगितलं असन. ते पलीकडून आले अन् उभेच राह्यले. साडेतीन वर्षांत पयल्यांदा अंगणाच्या या बाजूले. मी पदर सावरून उठली. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले,

"पोरगी नागपूरचं म्हणते."

मी म्हटलं, "नाई नेत मी तिले. तुम्ही काळजी करू नका."

"काऊन नाई?"

मी म्हटलं, "ते नाई म्हणते. त्यायले लाज वाटते."

भाऊजींनी सुटलेली एक जुडी उचलून पाटीत ठेवली. मंग म्हणाले, "त्याची लाज त्याच्यापाशी ठेव म्हणा. पोरगी मले रोज विचारते, आई कशी गेली. मी म्हणतो देवानं नेली. शाळेतले पोट्टे तिले वेगळं सांगते. आता ती माझ्याकडं अशी पाह्यते का मीच लबाड हाव." मंग जाता जाता म्हणाले, "घेऊन जा. पण तिनं काही विचारलं तर त्यानं खोटं बोलायचं नाई. एवढं लिही त्याले."

लिहिलं. जसं बोलले तसं लिहिलं, माझ्या पदरचा एक शब्द नाई.

शालू

*

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
४ डिसेंबर २०२५

शालू,

अर्ज दिला. सायबायनं विचारलं, पुतणीले काऊन? मी म्हटलं, तिची माय माझ्या हातून गेली. त्यायनं पेन खाली ठेवला. मंग म्हणाले, वडिलांची सही असलेलं संमतीपत्र लागन. सोबत कागद पाठवतो. दादानं सही केली तरच. नाई केली तर दोघायलेच आणजो, अन् त्याले एका शब्दानं म्हणू नको.

शनिवार, २० डिसेंबर, सकाळी दहा. मोठ्यायले आत घेत नाई, फक्त लेकरं. तू गेटबाहेर बसशीन. अर्धा तास.

आता पयलेचा प्लॅन बदलला. नीट वाच.

शुक्रवारी फक्त जाजो अन् आराम करजो. शनिवारी भेट झाली का सरळ मावशीकडं. कुठंही नेऊ नको, कोणी आइस्क्रीम म्हटलं तर दे, पण फिरवू नको. महाराजबाग रविवारी. आधी मले वाटलं होतं का भेटीनंतर लगेच वाघ दाखवला तर लेकरं विसरून जातीन. मंग वाटलं, विसरवायचं काऊन? ज्याले रडायचं हाय त्याले रडायले टाइम पाहिजे, अन् ज्याले काही विचारायचं हाय त्याले विचारायले. रविवारी सावकाश वाघ पाहा. मेट्रोत बसायचं असन तर बसा, नसन तर राहू द्या.

अन् हे सगळ्यात मोठं. चंचलले घरूनच सांगून आणजो. रेल्वेत नाई, गेटपाशी तर नाईच. घरी, जेवण झाल्यावर, अमरले बाजूले बसवून. त्याले म्हण, आता तुले एकट्याले सांभाळायचं नाई.

मी काय बोलू ते मले अजून मालूम नाई.

कैलास

*

अल्लीपूर,
२६ डिसेंबर २०२५

अमरच्या बाबायले नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. आधी सगळं सांगतो, मंग विचारतो.

कागद मी पौर्णिमेच्याच हाती पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सही होऊन आला. शुक्रवारी पहाटे भाऊजींनी आम्हाले हिंगणघाट स्टेशनवर सोडलं. त्यायनं स्वतः पौर्णिमेची वेणी घातली होती, एक बाजू वर, एक बाजू खाली. मी सोडून पुन्हा घातली नाई. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीच्या गजाले धरून उभे होते अन् पोरीले एकच सांगत होते, "काकूचा हात सोडू नको."

चंचलले घरीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे बाबाले शिक्षा झाली? किती उठाबशा?" अमर हसला, अन् मंग तिचा हात धरून बसला.

शनिवारी गेटबाहेर लई बाया होत्या. जामची ती बाईही भेटली. दहा वाजता शिपाई आला, लेकरायची नावं पुकारली. अमरनं एका हातात चंचलचा हात धरला, दुसऱ्यात पौर्णिमेचा, अन् ते तिघं त्या छोट्या दरवाजातून वाकून आत गेले. वाकायची गरज नव्हती हो, लेकरं लहान होते. मोठ्या माणसायले वाकताना पाहून तेही वाकले. तिथून पुढं अर्धा तास मी काय केलं मले आठवत नाई.

बाहेर आले तवा चंचलच्या तोंडाले लाडू लागला होता अन् ती हुंदके देऊन राह्यली होती. अमरचे डोळे लाल. पौर्णिमा रडली नव्हती. मी विचारलं, काय झालं बाई? ती म्हणाली, "काही नाई. बाबाले सांगायचं हाय." बस. मले नाई सांगितलं.

तुम्ही म्हटलं तसं केलं. मावशीकडं आणलं, झोपवलं. तिघंही संध्याकाळपर्यंत झोपले, जसे शेतातून आले असतीन. रविवारी महाराजबाग. वाघ झोपला होता, सकाळी जाऊनही झोपलाच होता. चंचल त्याच्यापुढं बसकण मारून बसली, का तो उठतपर्यंत मी उठत नाई. आम्ही बसलो तिच्यासंगं. दशम्या तिथीच सोडून खाल्ल्या. कोणी घाई केली नाई. उन्हं अंगावर येत होते, बरं वाटत होतं. मी कधी अशी बसली, मले याद नाई. वाघ काही उठला नाई. अकराच्या सुमारास चंचलनंच त्याले टाटा केला.

मेट्रोत बसलो. अमर उजव्या खिडकीशी बसला. ती भिंत आली तवा त्यानं दोघी पोरींना दाखवली. "तिथी," म्हणाला. हळू बोलला नाई, सगळ्या डब्यानं ऐकलं. मले लाज वाटन असं वाटलं होतं. नाई वाटली.

आता विचारतो. आत काय झालं? पौर्णिमा भाऊजींशी स्टेशनवरून घरी येईस्तोवर बोलत होती. तेव्हापासून भाऊजी घराबाहेर आले नाई. वावरातही गेले नाई. मले भीती वाटते. काय ते खरं लिहा.

शालू

*

मध्यवर्ती कारागृह, नागपूर
६ जानेवारी २०२६

शालू,

लिहितो. चार वेळा लिहिलं अन् फाडलं.

सतरंज्या टाकल्या होत्या, त्यावर आम्हाले बसवलं होतं. लेकरं दारातून आले. अमरनं मले ओळखलं, पण जवळ आला नाई. चंचलनं तर माझ्याकडं पाह्यलं अन् पुढच्या माणसाकडं पाह्यलं, तिले समजेना कोणता बाप आपला. मी म्हटलं, "चंचू, लाडू खाशीन?" ती थबकली. आवाज फोनवरचा होता ना. मंग धावत येऊन माझ्या मांडीवर बसली, अन् तोंडाकडं नाई पाह्यलं, गळ्याले हात लावून राह्यली, जिथून आवाज येते तिथी.

अमर उभाच होता. त्यानं विचारलं, "इथी तुम्हाले मारते का?" मी म्हटलं, नाई. "जेवायले देते?" देते. "मंग ठीक हाय," म्हणाला अन् बसला. अन् बसल्यावर रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लई उंच झाला ग तो.

पौर्णिमा जरा अंतर ठेवून बसली होती. लाडू तिनं घेतला, पण खाल्ला नाई, हातातच धरून होती. डोळे वहिनीचेच हायेत. मी तिच्याशी आपण होऊन काही बोललो नाई. हिंमत नव्हती. तिनंच विचारलं.

"काका, गाडी तुम्ही चालवत होते?"

मी म्हटलं, "हो."

"पोट्टे म्हणते तुम्ही दारू पेले होते."

"हो बाई. पेलो होतो."

"आईले मालूम होतं?"

शालू, हे मी कोर्टात सांगितलं नाई, तुले सांगितलं नाई. पण दादाचा निरोप होता, खोटं बोलायचं नाई. मी म्हटलं, "हो. तुझी आई मले म्हणाली होती, भाऊजी, इथीच ढाब्यावर जरा आडवे व्हा, मंग निघू. दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाई."

ती म्हणाली, "काऊन नाई ऐकलं?"

मी लई वर्षं हाच सवाल स्वतःले करून राह्यलो. मी म्हटलं, "मले मालूम नाई. ऐकायले पाहिजे होतं. माझ्यामुळं तुझी आई गेली. देवानं नेली नाई."

मंग तिनं विचारलं, आई रडली का, तिले लई लागलं का. मी सांगितलं, तिले काही कळलंच नाई, त्याच घडीले गेली. हे खरं हाय, डॉक्टरनं लिहून देलं हाय. मी तिच्या समाधानासाठी बोललो नाई.

तिनं लाडू या हातातून त्या हातात घेतला. म्हणाली, "हे बाबाले सांगू?" मी म्हटलं, सांग. सगळं सांग.

निघताना चंचल सोडेना, शिपायानं अलगद उचललं. अमर गळ्यात पडला. पौर्णिमा पडली नाई. मी हात पुढं केला नाई, तिनंही केला नाई. दारापाशी जाऊन एकदा वळून पाह्यलं, बस.

सहा वर्षांच्या पोरीले हे सांगायले पाहिजे होतं का, मले समजत नाई. पण तिनं विचारलं होतं. दादाले काही झालं असन तर तो माझाच गुन्हा समजजो. त्याच्या घरी जेवण पोचव. दार उघडलं नाई तर ओट्यावर ठेवजो.

कैलास

*

अल्लीपूर,
२२ जानेवारी २०२६

कैलास,

मी ज्ञानेश्वर. तुले पत्र लिहीन असं मले वाटलं नव्हतं.

पोरीनं सगळं सांगितलं. रेल्वेतून उतरल्यापासून घर येईपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडं न करता. उज्वला तुले दोनदा थांब म्हणाली, हे मले त्या दिवशी कळलं. मंग मी दार लावून बसलो. तुझी बायको रोज ताट ठेवून जायची. चौथ्या दिवशी मी ते आत घेतलं.

माझा तुझ्यावर राग हाय. तो जाईन असं मले वाटत नाई, अन् मी जाऊ देणार नाई. पण एक गोष्ट मी आजपर्यंत कोणाले सांगितली नाई. आता माझी पोरगी खरं ऐकू शकते तर मले लिहायले काय झालं.

त्या दिवशी गाडीवर मी येणार होतो. दर खेपेले मीच यायचो, तुले आठवत असन. गावात कबड्डीचे सामने होते. मले ते पाहायचे होते. मी उज्वलाले म्हटलं, तू जा, पोरीले फ्रॉक घेऊन ये नागपूरहून. तू परत येताना ढाब्यावर थांबतो हे मले मालूम होतं. मी संगं असलो का चाबी माझ्या खिशात ठेवायचो. तिले मी ते सांगितलं नाई. सांगितलं असतं तर तिनं चाबी काढून घेतली असती, ती तशी बाई होती. मी सामने पाहत बसलो. कोण जिंकलं तेही आठवत नाई.

लोकायले वाटते मी तुझ्या रागानं बोलत नाई. तुलेही तसंच वाटलं असन. मी तुझ्याशी बोललो असतो तर हे बोलावं लागलं असतं. म्हणून मी तुझ्या बायकोशीही बोललो नाई, अन् तिनं काही कसूर नसताना साडेतीन वर्षं माझं मौन सोसलं. तिले मी काल हे सगळं सांगितलं. अंगणात बसून, पोरगी शाळेत असताना. तिनं पाणी आणून देलं.

पोरीले मी अजून माझं सांगितलं नाई. सांगीन. तू जसं सांगितलं तसं मले जमलं पाहिजे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा नागपूरले जायचं म्हणून तिघंही मागं लागले हायेत. पौर्णिमा म्हणते, काकाले अजून काही विचारायचं राह्यलं. काय ते मले सांगत नाई. भेट निघाली तर कागद पाठव, मी सही करीन. यावेळी मीच घेऊन येईन त्यायले, शालूच्या जिवाले तेवढा आराम.

मी गेटाबाहेर थांबीन. आत यायचं मले सांगू नको.

ज्ञानेश्वर